विजेत्याची लूट आणि कारकुनाची खुर्ची

निवडणूक जिंकणाऱ्याने नेमके काय जिंकलेले असते, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. राज्य चालविण्याचा अधिकार, असे उत्तर कोणीही देईल. परंतु या अधिकारात काय काय येते? धोरण ठरविणे येते, अंदाजपत्रक मांडणे येते, परराष्ट्रांशी करार करणे येते. टपाल कचेरीतील कारकुनाची जागाही त्यात येते काय? जकातनाक्यावर माल मोजणारा, बेकारांची संख्या काढणारा, परदेशातील वकिलातीतून अहवाल धाडणारा, हे सारे विजेत्याच्या मालमत्तेत जमा होतात काय? अमेरिका या प्रश्नाशी जवळजवळ दोनशे वर्षे झगडत आली आहे; आणि तो सुटला असे वाटत असतानाच अलीकडे तेथे तो पुन्हा उभा राहिला आहे.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य फाइलींच्या सहवासात, गावापासून दूरच्या एखाद्या कचेरीत जाते. मंत्री बदलले की दारावरची पाटी बदलते. टेबलावरच्या फाइली मात्र तेथेच राहतात आणि त्यांच्यामागे बसलेली माणसेही राहतात. पावसाळ्यामागून हिवाळा यावा, इतकी ही गोष्ट आपणांस स्वाभाविक वाटते. ती तशी नाही. तिच्यासाठी कोणाला तरी भांडावे लागले आहे, आणि अमेरिकेत तर तिच्या पायी एका राष्ट्राध्यक्षाचा बळी पडला आहे.

ही कथा १८२९ साली सुरू होते. त्या वर्षी अँड्र्यू जॅक्सन हा अध्यक्ष झाला. त्याच्यापूर्वीचे सहाही अध्यक्ष व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्स येथील प्रतिष्ठित घराण्यांतले. जॅक्सन हा सरहद्दीवरच्या मुलखातून वर आलेला शिपाईगडी. सामान्य माणसाचे राज्य आणू, असे त्याचे अभिवचन होते. डिसेंबर १८२९ मध्ये काँग्रेसला धाडलेल्या संदेशात त्याने सरकारी नोकरांसंबंधी एक सिद्धान्त मांडला. सरकारी कामे मुळात साधी असतात, बुद्धी असलेल्या कोणालाही ती जमतील. एकाच जागी वर्षानुवर्षे बसलेला माणूस ती जागा आपली मालमत्ता समजू लागतो. म्हणून नोकर पाळीपाळीने बदलावेत, हे बरे. आपल्या भाषेत बोलायचे तर जॅक्सनचा आक्षेप वतनदारीस होता. नोकरी म्हणजे वतन नव्हे, हे त्याचे म्हणणे आम्हांस आजही पटते. ज्या कचेरीत नागरिकाने तासन्‌तास ताटकळावे आणि खुर्चीतल्याने मान वर करून पाहू नये, तेथे वतनच नांदत असते.

पण रोगाचे निदान बरोबर असले म्हणून औषध बरोबर असतेच असे नाही. वतनदार हटला, त्याच्या जागी सामान्य माणूस आला नाही. पक्षाचा माणूस आला. १८३२ साली न्यूयॉर्कचा सिनेटर विल्यम मार्सी याने भर सभागृहात निःसंकोचपणे सांगून टाकले की, शत्रूकडून मिळालेली लूट ही विजेत्याचीच असते. त्या वाक्यावरून या व्यवस्थेला ‘लूटपद्धती’ हे नाव पडले. लूट हा शब्द तिला किती अन्वर्थक होता, ते लवकरच दिसून आले. न्यूयॉर्क बंदराच्या जकातवसुलीवर जॅक्सनने सॅम्युएल स्वॉर्टवाउट नावाचा आपला एक समर्थक नेमला होता. हा गृहस्थ १८३८ साली युरोपास निघून गेला आणि मागाहून हिशेब तपासला तेव्हा बारा लाख डॉलरांहून अधिक रकमेचा पत्ता लागेना. संघसरकारचे मुख्य उत्पन्न त्या काळी जकातीचे, आणि जकातीचा मोठा हिस्सा न्यूयॉर्कचा. म्हणजे खजिन्याची किल्लीच पक्षनिष्ठेच्या इनामात देऊन टाकली होती.

पुढील पन्नास वर्षे दोन्ही पक्षांनी हीच चाल चालविली. पक्ष बदलला की गावोगावचे पोस्टमास्तर बदलत. नोकराच्या पगारातून ठराविक टक्के रक्कम पक्षनिधीसाठी मागितली जाई. दिली नाही तर जागा जाण्याची भीती. म्हणजे जनतेच्या करातून पगार, पगारातून पक्षाला वर्गणी, आणि वर्गणीतून पुन्हा जनतेच्या मतांची जुळवाजुळव, असे हे रहाटगाडगे होते. १८६१ साली देश फुटण्याच्या बेतात असताना लिंकनच्या दाराशी नोकरी मागणाऱ्यांची रांग लागलेली असे. अध्यक्षाचा वेळ राज्यकारभारात किती जाई आणि नेमणुकांत किती, हे सांगणे कठीण होते.

या रांगेतलाच एक माणूस चार्ल्स गिटो. वकिली, धर्मोपदेश, लेखन, सगळ्यांत अपेशी ठरलेला आणि मनाचा तोल ढळलेला. १८८० च्या निवडणुकीत जेम्स गारफील्ड निवडून आला, तो आपण छापलेल्या एका भाषणामुळे, अशी याची समजूत. त्याचे बक्षीस म्हणून पॅरिस येथील वाणिज्यदूताची जागा त्याला हवी होती. त्याने खेटे घातले, पत्रे लिहिली; अखेर परराष्ट्रमंत्री ब्लेन याने पुन्हा हा विषय काढू नकोस, असे बजावले. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनावर गिटोने गारफील्डवर पिस्तूल झाडले. अस्वच्छ हातांनी गोळी शोधणाऱ्या डॉक्टरांनी जखम आणखी चिघळविली, आणि १९ सप्टेंबर रोजी अध्यक्षाचा अंत झाला. गिटो वेडसर होता, हे खरे. परंतु प्रत्येक समाजातला वेडा त्या समाजाचीच भाषा बोलतो. पक्षासाठी काम केले म्हणजे सरकारी जागेवर आपला हक्क पोहोचतो, ही कल्पना गिटोच्या वेडातून निघालेली नव्हती. ती तेव्हाच्या सगळ्या शहाण्या माणसांची होती.

गारफील्डमागून आला चेस्टर आर्थर. याची नेमणूक ज्या जागेवर एके काळी झाली होती, ती जागा नेमकी न्यूयॉर्कच्या जकातप्रमुखाची. आणि अध्यक्ष हेज याने १८७८ साली त्याला तिथून दूर केले होते. लूटपद्धतीच्या गाद्यागिर्द्यांवर वाढलेला हा माणूस सुधारणेचा शत्रूच ठरेल, असे सर्वांनी धरून ठेवले होते. पण १६ जानेवारी १८८३ रोजी ओहायोचा सिनेटर जॉर्ज पेंडलटन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलकी सेवेच्या कायद्यावर सही केली ती याच आर्थरने. स्पर्धापरीक्षेने नेमणूक, राजकीय वर्गणी न दिल्याबद्दल नोकरीवरून काढण्यास मनाई, आणि देखरेखीसाठी आयोग, अशी या कायद्याची तीन अंगे होती.

हा विजय केवळ सदसद्विवेकाचा होता, असे समजण्याचे कारण नाही. १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला काँग्रेसमध्ये सपाटून मार बसला होता. दोन वर्षांनी अध्यक्षपदही जाणार, अशी चिन्हे दिसू लागताच, आपण नेमलेली माणसे निदान जागेवर तरी राहावीत, असा हिशेब पुष्कळांनी केला. पुढेही तेच झाले. आरंभी कायद्याखाली नोकरांचा एक दशांशाच्या आसपासच भाग आला होता. पण मावळत्या अध्यक्षांनी जाताजाता आपल्या माणसांना संरक्षण देण्यासाठी यादी वाढवीत नेली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निम्म्याहून अधिक जागा परीक्षेखाली आल्या. स्वार्थाच्या शेणखतावर चांगले पीक निघाले, एवढाच याचा अर्थ. मात्र एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ही तटबंदी टिकली ती उद्या आपला पराभव होऊ शकतो, ही जाणीव दोन्ही पक्षांना होती म्हणून. ज्या दिवशी एखाद्या पक्षाला आपण हरूच शकत नाही असे वाटू लागते, किंवा हरणे मान्यच नसते, त्या दिवशी या तटबंदीचा एक मोठा आधार नाहीसा होतो.

या कायद्याचा आपल्या देशाशीही एक धागा आहे. त्याचा मसुदा करण्यात डॉर्मन ईटन या वकिलाचा मोठा वाटा होता आणि पुढे आयोगाचा पहिला अध्यक्षही तोच झाला. अध्यक्ष हेज याच्या सांगण्यावरून त्याने इंग्लंडच्या मुलकी सेवेचा अभ्यास करून १८८० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. इंग्लंडात खुली स्पर्धापरीक्षा सर्व खात्यांसाठी १८७० पर्यंत आली नव्हती. तिचा प्रयोग आधी झाला तो हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी. मेकॉलेच्या समितीने १८५४ साली अहवाल दिला आणि १८५५ पासून ही परीक्षा सुरू झाली. हिंदुस्थानसाठी घेतली जाणारी ही परीक्षा हिंदुस्थानी माणसाला दुर्लभच राहावी, अशी तिची रचना होती. ती लंडनमध्ये होई, आणि हिंदुस्थानात ती देण्याची सोय १९२२ पर्यंत झाली नाही. तरीही १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ती उतरले, आणि एकदा दार उघडले की ते पुन्हा लावता येत नाही, हे सिद्ध झाले. परीक्षेचे हेच सामर्थ्य असते. परीक्षक मनातून कितीही पक्षपाती असो, एकदा गुण मांडले की त्याचीही पंचाईत होते.

अर्थात परीक्षा म्हणजे काही देवता नव्हे. तिलाही भ्रष्ट करता येते. वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय कारकून परीक्षेच्या बळावर टपाल आणि अर्थखात्यांत बऱ्या जागांवर पोहोचले होते. १९१३ साली वुड्रो विल्सन अध्यक्ष झाला. हा विद्यापीठातून आलेला विद्वान; राज्यकारभारशास्त्राचा आद्य प्रवर्तक म्हणून त्याचे नाव घेतात. त्याच्याच मंत्र्यांनी या खात्यांतून गोऱ्या-काळ्यांची टेबले वेगळी केली, जेवणाच्या खोल्या वेगळ्या केल्या. १९१४ पासून अर्जासोबत छायाचित्र जोडण्याची सक्ती झाली आणि ती १९४० पर्यंत टिकली. प्रश्नपत्रिका तीच राहिली, गुणही प्रामाणिकपणे दिले गेले असतील. फक्त निवड करणाऱ्याला उमेदवाराचा रंग आधी कळू लागला. नियमाचा एक शब्दही न मोडता न्याय कसा मोडावा, याचा याहून नेमका नमुना आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे संकट निष्ठेच्या नावाने आले. मार्च १९४७ मध्ये ट्रूमन याने नोकरांच्या राजनिष्ठेची चौकशी करण्याचा हुकूम काढला. फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी याने परराष्ट्रखात्यात कम्युनिस्ट भरले आहेत, अशी हाकाटी केली. जॉन सर्व्हिस नावाचा एक अधिकारी युद्धकाळी चीनमध्ये होता. च्यांग काय-शेकचे राज्य आतून पोखरले आहे आणि कम्युनिस्टांचे बळ वाढते आहे, असे त्याने आपल्या अहवालांत लिहिले. हे निदान १९४९ साली अक्षरशः खरे ठरले. १९५१ साली त्याला नोकरीवरून काढले ते राजनिष्ठेविषयी शंका घेऊन! सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली त्याच्या बाजूने निकाल दिला. परंतु मधल्या काळात परराष्ट्रखात्यातील प्रत्येकाने मनाशी बांधायची ती गाठ बांधली होती. वरिष्ठांना न रुचणारे सत्य लिहिले आणि ते खरे ठरले, तर शिक्षा अधिकच कडक होते! अमेरिका पुढे व्हिएतनाममध्ये रुतत गेली, तेव्हा आशियाची खरी माहिती देणारे डोळे तिने आधीच स्वतःच्या हाताने मिटले होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९५३ साली आयझेनहॉवर याच्या हुकुमाने निष्ठेच्या या चाळणीत खाजगी जीवनही आले. समलिंगी म्हणून शेकडो नोकर घरी पाठविले गेले. फ्रँक कॅमेनी हा खगोलशास्त्रज्ञ लष्कराच्या नकाशाखात्यातून १९५७ साली निघाला. त्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली, दाद मिळाली नाही. शासनाने त्याची रीतसर क्षमा मागितली ती २००९ साली. मॅकार्थीचा सिनेटने डिसेंबर १९५४ मध्ये ६७ विरुद्ध २२ मतांनी निषेध केला, हे अमेरिकेच्या पदरी पुण्य म्हणून टाकलेच पाहिजे. परंतु ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांची उमेदीची वर्षे कोणत्या ठरावाने परत येणार होती?

आता आकड्यांकडे वळू. १९७१ साली बेकारीचे आकडे मांडणाऱ्या कामगार सांख्यिकी विभागावर रिचर्ड निक्सन संतापला. आकड्यांचा अर्थ लावताना अधिकारी सावधपणा दाखवितात, तो आपल्याविरुद्धचा कट आहे, असे त्याने घेतले आणि त्या विभागात ज्यू किती आहेत, ते मोजावयास सांगितले. त्याच्या एका साहाय्यकाने ते खरोखरच मोजून दिले! हा प्रकार १९८८ साली गाजला, तेव्हा त्या साहाय्यकास पक्षातील पद सोडावे लागले. म्हणजे १९८८ पर्यंत निदान लाज शिल्लक होती. १ ऑगस्ट २०२५ रोजी याच विभागाने जुलै महिन्याचे रोजगाराचे आकडे प्रसिद्ध केले. ते निराशाजनक होते, आणि मे व जूनचे पूर्वीचे आकडेही दुरुस्तीत बरेच खाली आले होते. त्याच दिवशी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आकडे बनावट असल्याचा आरोप करून विभागप्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना बडतर्फ केले. पुरावा काही दिला नाही. ट्रम्प यांनीच पूर्वी नेमलेले याच विभागाचे माजी प्रमुख विल्यम बीच यांनी या बडतर्फीवर उघड टीका केली. निक्सनने जे चार भिंतींआड केले, ते आता दिवसाढवळ्या झाले, एवढाच काय तो फरक.

ही घटना एकटी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी एक नवा वर्ग निर्माण करणारा हुकूम काढला. धोरणाशी संबंध असलेल्या कायम नोकरांना या वर्गात टाकावे, म्हणजे त्यांना काढून टाकणे सोपे होईल, असा त्याचा आशय. जो बायडन यांनी जानेवारी २०२१ मध्ये तो रद्द केला. २० जानेवारी २०२५ रोजी, दुसऱ्या कारकीर्दीच्या पहिल्याच दिवशी, ट्रम्प यांनी तो पुन्हा जिवंत केला. एप्रिल २०२५ मध्ये मांडलेल्या नियमाच्या मसुद्यात अशा जागा सुमारे ५०,००० असतील, असा सरकारचाच अंदाज होता. तोवर अध्यक्षाच्या मर्जीतल्या राजकीय जागा सुमारे ४,००० असत. त्याच जानेवारीत खात्यांचा गैरव्यवहार तपासणारे सतराच्या आसपास महानिरीक्षक, कायद्याने आवश्यक असलेली तीस दिवसांची सूचना काँग्रेसला न देता, एका रात्रीत काढण्यात आले. मे २०२५ मध्ये तर नोकरीच्या अर्जात एक निबंधवजा प्रश्न आला: अध्यक्षांचे हुकूम आणि त्यांची धोरणे पुढे नेण्यास आपण कसे साहाय्य कराल? उत्तर न देणाऱ्याचा अर्ज बाद होणार नाही, असा खुलासा मागाहून झाला. खुलाशाने कोणाचे समाधान झाले असेल ते असो. परीक्षेच्या कागदावर धन्याचे नाव आले की ती परीक्षा उरत नाही, ते मुजऱ्याचे आमंत्रण होते.

विरुद्ध बाजूचे म्हणणे आम्ही टाळू इच्छीत नाही. लोकांनी अध्यक्षाला निवडले, कारकुनाला नाही. मग लोकांनी कौल दिलेले धोरण खालच्या माणसांनी का अडवावे? हा प्रश्न जॅक्सनचाच आहे आणि तो पोकळ नाही. चालढकल करणारा, नियमांच्या आडून काम हाणून पाडणारा नोकर अमेरिकेतही असतो आणि आपल्या शेजारच्या टेबलावरही असतो. त्याच्यासाठी चौकशी आहे, शिक्षा आहे. सेवेच्या कार्यक्षमतेला बाध आणणाऱ्यास कारण दाखवून काढता येते, हे अमेरिकन काँग्रेसने १९१२ सालीच कायद्यात घातले. चौकशी सावकाश होते, ही तक्रार खरी. तिचा उपाय चौकशी वेगाने करणे हा होय, ती बुडविणे हा नव्हे. लोकांचा कौल धोरणाला मिळतो. जुलै महिन्यात किती जणांना काम मिळाले, हे मतपेटीतून ठरत नसते. ते मोजूनच काढावे लागते, आणि मोजणाऱ्याला खरा आकडा लिहिताना उद्याच्या चुलीची चिंता पडता कामा नये. नोकराची शाश्वती ही नोकराची चैन नव्हे. नागरिकाला खरी माहिती मिळावी म्हणून त्याने भरलेला तो विम्याचा हप्ता आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. घटनेच्या ३१० व्या कलमाने आपण राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत पदावर असतो, आणि लगेच ३११ वे कलम सांगते की चौकशी केल्याखेरीज व बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज बडतर्फी नाही. १० ऑक्टोबर १९४९ रोजी घटनासमितीत सेवकवर्गाच्या संरक्षणावर टीका झाली, तेव्हा सरदार पटेल यांनी तिला खडसावून उत्तर दिले. आपल्या मताविरुद्ध टिपणी लिहिण्याचे स्वातंत्र्य आपण आपल्या सचिवास दिले आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ज्यांना इंग्रजांच्या याच नोकरशाहीने तुरुंगात डांबले होते, त्यांनी हे बोलावे, यात त्यांच्या राजकारणाची उंची दिसते.

मात्र अमेरिकेकडे बोट दाखवून आपण निश्चिंत व्हावे, अशी आपली स्थिती नाही. ३११ वे कलम बडतर्फी अडविते, बदली अडवीत नाही. आणि गैरसोयीच्या माणसासाठी बदलीचे हत्यार किती सोयीचे असते, हे आपल्या वाचकांस आम्ही काय सांगावे! सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी दिलेल्या निर्णयात वरिष्ठांचे तोंडी हुकूम लेखी नोंदवून ठेवावेत, असे सांगितले. नोंद करणे ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु चीनमधून लिहिलेले अहवाल काय किंवा जुलैचे आकडे काय, शेवटी त्या नोंदीच होत्या. आणि बलाढ्य माणसांना भीती वाटली ती त्यांचीच.

निवडणूक जिंकणारा हुकूम देण्याचा अधिकार जिंकतो. तो हुकूम त्याने लेखी द्यावा, आणि खालच्याने आपले प्रामाणिक मत त्याखाली लिहून मग तो अमलात आणावा, इतकाच हा साधा व्यवहार आहे. तो अमेरिकेत उभा राहावयास एका अध्यक्षाचा बळी आणि पाऊणशे वर्षांची खटपट लागली. आपल्या हाती तो आयता आला आहे. तो राखण्याचे काम संसदेचे आहे, न्यायालयांचे आहे. पण त्याच्या आधी ते आपल्या टेबलावरच्या पुढच्या फाइलीवर आपण काय लिहितो, याच्याशी निगडित आहे.